भावाला नाचायला यायचं होतं आणि मी "जागा भरल्या" म्हणाले

पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

लिहिणारी मुलगी १७ वर्षांची आहे आणि आठ वर्षांपासून नृत्य शिकते आहे. तिचा धाकटा भाऊ १४ वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असल्याने त्याचं शिकणं-बोलणं सावकाश होतं. ती घरी सराव करते तेव्हा तो दारात उभा राहून तिच्या हालचाली उचलतो, आणि गाणं संपलं तरी थांबत नाही. तिच्या क्लासमध्ये आता आठवड्यातून एकदा मिश्र बॅच सुरू होते आहे. त्यात अपंगत्व असलेली आणि नसलेली मुलं एकत्र शिकतील. जुन्या विद्यार्थिनींपैकी सहा जणींना मॅडमनी या बॅचसाठी निवडलं, त्यात तीही आहे. मॅडम म्हणाल्या, "भावालाही आण. तू असलीस की त्याला सांभाळणं सोपं जाईल." घरी सांगितल्यावर आई आनंदाने म्हणाली, "तू आहेस ना तिथे, मग मला काळजीच नाही." दुसऱ्या दिवशी मुलीने घरी येऊन सांगितलं की जागा भरल्या. या गोष्टीला तीन आठवडे झाले. ती लिहिते: "क्लास ही एकच जागा आहे जिथे मी त्याची ताई नसते. तो मोठ्याने हसतो, अनोळखी माणसांना मिठी मारतो, मध्येच खाली बसतो आणि उठतच नाही. मैत्रिणींसमोर मला लाज वाटेल, आणि लाज वाटते याचीच जास्त लाज वाटते. शिवाय नाचाचा दर्जा खाली येईल अशीही भीती आहे. मी स्वार्थी आहे का? आता काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

पत्राखाली तू सही केली आहेस ती "एक ताई" अशी. नाव लपवायचं होतं तेव्हाही तुला स्वतःची ओळख भावावरूनच सुचली. मी मात्र हे उत्तर आठ वर्षं घाम गाळून नाच शिकलेल्या मुलीला लिहिते आहे. ताईशी बोलू, पण थोड्या वेळाने.

स्वार्थी आहेस का, असं विचारलंस. नाहीस. घरात एका मुलाला जास्त आधार लागतो तेव्हा दुसरं मूल कुणी न सांगता लवकर मोठं होतं. घराबाहेर पडलं की ते आधी भाऊ कुठे आहे हे बघतं. आपलं काही दुखलंखुपलं तर सांगण्याआधी आईबाबांचा चेहरा वाचतं, आज सांगावं की नको म्हणून. अशा मुलीला आठवड्यातले तीन दिवस फक्त स्वतःच्या पावलांकडे बघायला मिळत असेल, तर ते तास तिच्यासाठी काय असतील हे मला कळतं. ते जपावेसे वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही.

पण "जागा भरल्या" हे खरं नव्हतं, आणि त्या वाक्याने थांबलं ते त्याचं काहीतरी होतं. तुझी गरज खरी आहे आणि त्याचं नुकसानही खरं आहे. एकासाठी दुसरं नाकारायची गरज नाही, दोन्ही हातात धरूनच पुढे जाऊ.

आता तुझ्याच पत्रातली दोन वाक्यं पुन्हा वाच. मॅडम म्हणाल्या, तू असलीस की सांभाळणं सोपं जाईल. आई म्हणाली, तू आहेस ना तिथे. दोघींच्याही मनात तुझ्याविषयी प्रेम आहे, शंका नाही. पण दोघींनी तुला न विचारता एक काम तुझ्या नावावर लिहून टाकलं. माझ्या मते तुझ्या मनातला विरोध त्या कामाला आहे. तो भावाला आहे असं तू समजून बसलीस आणि म्हणून स्वतःला दोष देते आहेस. तो येणार म्हणजे मी सांभाळणार, हे तू इतकं गृहीत धरलं आहेस की पत्रात त्यावर एकही प्रश्न विचारलेला नाहीस. तो प्रश्न मी विचारते: का?

मिश्र नृत्यवर्ग म्हणजे धडधाकट मुलांनी अपंग मुलांना सांभाळायचा वर्ग नव्हे. तिथे प्रत्येक जण शिकायला आलेला असतो. सहा जुन्या मुली आणि सहा नवी मुलं अशा जोड्या लावून "तू हिला बघ, तू त्याला बघ" असं ठरवलं, तर त्या सहा जणींचं शिकणं त्याच दिवशी थांबतं. आणि ज्यांना "बघायचं" आहे ती मुलं विद्यार्थी न राहता कुणाची तरी जबाबदारी होऊन जातात. आधार लागणाऱ्या मुलांसाठी वर्गात वेगळी मोठी माणसं हवीत, ज्यांना त्या तासापुरतं तेच काम आहे आणि जी स्वतः त्या दिवशी शिकायला आलेली नाहीत. तेव्हा मॅडमना आधी हे विचार: मदतनीस किती असतील? भाऊ मध्येच खाली बसला तर त्याच्याजवळ कोण जाईल? त्याला बाथरूमला जायचं असेल तर? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर "तू" असं आलं, तर बॅच अजून तयार नाही असं समज. तसं मॅडमना सांगण्यात उद्धटपणाही नाही. नव्याने असा वर्ग सुरू करणाऱ्या शिक्षकांना हे प्रश्न कुणीतरी विचारावे लागतात, आणि तू तर ते इतरांपेक्षा चांगले विचारू शकशील.

यात भावाचाही विचार आहे. अशाच एका वर्गात मी काही महिने मागे बसून बघत असे. तिथली एक मुलगी प्रत्येक नवीन हालचालीआधी भिंतीपाशी बसलेल्या आईकडे बघायची. आई मान हलवायची, मग ती हात उचलायची. शिक्षिकेने आईला बाहेर बसायची विनंती केली. पहिले दोन आठवडे मुलगी रुसून दाराकडे बघत राहिली. त्यानंतर मात्र ती शेजारच्या मुलाकडे बघायला लागली, आणि काही दिवसांनी त्याच्याशी भांडायलाही लागली, कारण तो तिच्या जागेवर उभा राहत होता. ते भांडण बघून मला फार बरं वाटलं. तुझा भाऊ १४ वर्षांचा आहे. आपण कुणाचा तरी धाकटा नसतो अशी एखादी जागा त्यालाही हवी असेल. तू शेजारी उभी राहिलीस तर तो सगळा वेळ तुझ्याकडेच बघेल, आणि ती जागा दोघांचीही जाईल.

"असेल" म्हणते, कारण मला माहीत नाही. तुझ्या पत्रात आई बोलते, मॅडम बोलतात, तू बोलतेस, मैत्रिणी काय म्हणतील तेही येतं. भावाचं एकही वाक्य नाही. त्याला कुणी विचारलं का? तो दारात उभा राहून नाचतो याचा अर्थ त्याला क्लासला यायचं आहे, असा सगळ्यांनी लावला. असेलही तसं. कदाचित त्याला दारातच आवडत असेल, किंवा नाचापेक्षा तुझ्याजवळ असणं आवडत असेल. विचारताना एक काळजी घ्या. "तुला क्लासला जायचं ना?" या प्रश्नाला बरीच मुलं समोरच्याला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणतात. त्यापेक्षा त्याला एकदा तिथे नेऊन नुसतं बसवा. हॉलचा, मॅडमचा, आरशाचा फोटो काढून आणा. मग दोन फोटो समोर ठेवा, एक क्लासचा आणि एक त्या वेळी तो एरवी जे करतो त्याचा, आणि त्याला निवडू द्या. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी विचारा. विचारल्यावर गप्प राहून वाट बघा, मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना बोललेलं समजतं भरपूर, पण उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. त्या वेळात आपण प्रश्न पुन्हा विचारला की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लाजेचं बोलू. सतराव्या वर्षी मैत्रिणींच्या नजरेचं ओझं किती असतं हे माझं वय झालं तरी मी विसरलेले नाही. तुला लाज वाटते म्हणून तुझं त्याच्यावरचं प्रेम कमी ठरत नाही. फक्त तू सांगितलेल्या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघ, कारण त्या एका माळेतल्या नाहीत.

मोठ्याने हसतो. हसू दे. नाचाच्या वर्गात मोठ्याने हसलेलं कुणाला टोचत असेल, तर तो त्या माणसाचा प्रश्न आहे.

अनोळखी माणसांना मिठी मारतो. यावर मात्र काम व्हायला हवं, आणि ते त्याच्यासाठीच. लहानपणी सगळ्यांनी कौतुकाने घेतलेली मिठी चौदाव्या वर्षी समोरच्याला नकोशी होऊ शकते. त्याहून मोठी काळजी ही की कुणी कसाही स्पर्श केला तरी चालतो, असं तो शिकेल. स्पर्शाचे नियम शिकायला नृत्यवर्गासारखी जागा सापडणार नाही, कारण तिथे स्पर्श हा अभ्यासाचाच भाग असतो. सुरुवातीला आणि शेवटी अभिवादनाची एकच ठरलेली पद्धत ठेवायची, तळव्याला तळवा लावणं वगैरे. जोडीत काम करण्याआधी हात पुढे करायचा आणि समोरचा त्यावर हात ठेवेपर्यंत थांबायचं. नको असेल तर तो हात मागे घेईल, आणि मग आपणही मागे व्हायचं. हा नियम सगळ्यांना लागू हवा, मदतनिसांना आणि मॅडमनाही. व्हीलचेअरवरच्या मुलाची खुर्ची न विचारता ढकलणं हेही याच नियमात मोडतं. खुर्ची हा त्याच्या अंगाचाच भाग असतो.

मध्येच खाली बसतो. घरात याला हट्ट म्हणत असाल. पण शब्द लवकर सापडत नाहीत तेव्हा माणूस अंगानेच उत्तर देतो. दमलो, कळलं नाही, आवाज फार आहे, आत्ताचं संपायच्या आत दुसरं का सुरू केलं, यातलं काहीही त्या बसण्यात असू शकतं. ओढून उठवलं की ते बसणं आणखी घट्ट होतं. आज काय काय होणार याची चित्रं भिंतीवर क्रमाने लावली, एक भाग झाला की ते चित्र उलटं केलं, आणि हॉलच्या एका कोपऱ्यात कुणालाही, अगदी तुलाही, जाऊन बसता येईल अशी शांत जागा ठेवली, तर बसून राहणं बरंच कमी होतं. तरीही बसला तर नाच त्याच्याभोवती चालू राहू दे. नृत्यात जमिनीवर बसणं ही चूक थोडीच आहे?

आणि आता दर्जा. हा मुद्दा तू शेवटी, घाईघाईत लिहिला आहेस. मला वाटतं नर्तकी म्हणून तुझी खरी भीती हीच आहे, म्हणून यावर मी जरा थांबणार आहे.

अपंगत्व आणि नृत्य म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना सुधा चंद्रन आठवतात. किशोरवयात अपघातानंतर पाय गमावला, जयपूर फूट हा कृत्रिम पाय बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम शिकल्या आणि १९८४ मध्ये रंगमंचावर परतल्या. ती जिद्द थोर आहे. पण त्या एका गोष्टीमुळे आपल्या मनात एक माप पक्कं बसलं: अपंग व्यक्तीने नाचायचं म्हणजे जणू अपंगत्व नाहीच अशा तऱ्हेने नाचून दाखवायचं. हे माप लावलं तर तुझा भाऊ नेहमी मागे पडेल, आणि तुला दर्जा घसरलेलाच दिसेल.

जगात याच काळात दुसरी एक वाट तयार होत होती. १९७२ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकाने एक पद्धत मांडली, कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन. दोन शरीरं एकमेकांना टेकतात, वजन देतात-घेतात, आणि त्यातून पुढची हालचाल सुचते. यात ठरलेला आकार नसतो, त्यामुळे तो आकार "बरोबर" करायचाही प्रश्न येत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या, न दिसणाऱ्या, कुबड्या घेऊन चालणाऱ्या नर्तकांसाठी या पद्धतीने दार उघडलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये अपंग आणि अपंग नसलेल्या नर्तकांची ॲक्सिस ही नृत्यसंस्था उभी राहिली. १९९१ मध्ये लंडनमध्ये कॅनडोको ही तशीच संस्था सुरू झाली, सेलेस्ट डँडेकर आणि ॲडम बेंजामिन या दोघांनी मिळून. सेलेस्ट व्यावसायिक नर्तकी होती. १९७३ मध्ये प्रयोग चालू असताना ती पडली, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि त्यानंतर ती व्हीलचेअरवर आली. अनेक वर्षं ती नाचली नाही. नृत्य काय असतं हे आतून जाणणाऱ्या बाईलाही, आपल्या आत्ताच्या शरीरात नृत्य आहे हे शोधायला इतका काळ लागला. मग आपल्याला ते पहिल्या आठवड्यात दिसलं नाही तर त्यात नवल नाही. पुढे या संस्थेसाठी नावाजलेल्या नृत्यदिग्दर्शकांनी रचना केल्या, आणि समीक्षकांनी त्या नृत्य म्हणूनच जोखल्या, चुका दाखवून.

या वाटेवरचं काम वर्गात कसं चालतं ते सांगते. समजा मॅडमनी उडी शिकवली. उडीचा आकार सोडून तिचा हेतू काय ते बघायचं. खाली दबणं, क्षणभर थांबणं, अचानक सुटणं, वरच्या टोकाला हलकं होणं. हे चार टप्पे व्हीलचेअरवरची मुलगी छाती आणि हातांनी करेल, कुणी फक्त मान आणि श्वासाने करेल, तू पायांनी करशील. आकार तीन, उडी एकच. आता तिघींनी ती एकाच क्षणी सोडायची आहे. हे अवघड आहे गं! एकसारखं नाचताना तू आरशाकडे आणि आकड्यांकडे बघतेस. इथे तुला दुसरीचा श्वास बघावा लागतो. आठ वर्षांत तू वेग, ताकद, तोल कमावलास, पण तुझ्याहून वेगळ्या वेगाने चालणाऱ्या शरीराबरोबर ताल धरणं हे कौशल्य एकाच साच्यातल्या बॅचमध्ये शिकायलाच मिळत नाही.

हे सगळं चांगल्या वर्गाबद्दल झालं. वाईट वर्ग असतात आणि तिथे दर्जा खरोखर खाली येतो. तो खाली आणतात अपेक्षाच न ठेवणारे शिक्षक. महिनोन् महिने हात वर, हात खाली, टाळ्या. ओळखायचं कसं? तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाबद्दल विचारायचं: आधी न येणारी कोणती गोष्ट आता येते? मॅडमना तुझ्याबद्दल आणि भावाबद्दल, दोघांबद्दलही नेमकं उत्तर देता यायला हवं. "किती खूश असतो तो" हे उत्तर पुरेसं नाही.

भावाच्या शरीराबद्दल काही गोष्टी मॅडमना माहीत असायलाच हव्यात, आणि त्या आईबाबांनी लेखी द्याव्यात. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायूंचा ताण कमी असतो आणि सांधे सैल असतात. त्यामुळे अशी मुलं सहज पाय फाकवून बसतात आणि बघणारे म्हणतात, वा, काय लवचीक! पण त्या सांध्याला धरून ठेवणारी ताकद कमी असते. म्हणून ताणण्यावर जोर नको, ताकद आणि तोल वाढवण्यावर हवा. काही मुलांमध्ये मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. कोलांट्या, डोक्यावर उभं राहणं, मानेला झटका बसेल असं उचलणं हे डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय करायचं नाही. चाल अचानक बदलली, मान दुखायला लागली, हातापायातली शक्ती कमी वाटली, तर नाच थांबवून लगेच डॉक्टरकडे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. बहुतेकांवर लहानपणी उपचार झालेले असतात, तरी दमण्याची मर्यादा विचारून घ्यावी. ऐकायला कमी येणंही बऱ्याच जणांत आढळतं.

आणि एक गोष्ट मॅडमच्या फार उपयोगाची. ऐकलेलं लक्षात ठेवणं या मुलांना अवघड जातं, बघितलेलं मात्र पक्कं राहतं. म्हणजे "पाच-सहा-सात-आठ, उजवा, वळा, खाली" असं ओरडून शिकवलं तर भाऊ गोंधळेल, आणि समोर उभं राहून करून दाखवलं तर उचलेल. दारात उभं राहून तुझं बघून त्याने जे उचललं, ते नेमकं असंच. तो तीन-चार वर्षं तुझ्याकडून शिकतोच आहे. तुला ते शिकवणं वाटलं नाही, कारण तू त्याच्याकडे बघत नव्हतीस. तू नाचत होतीस.

हे सदर वाचणाऱ्या इतर घरांसाठी दोन ओळी. ऐकू न येणाऱ्या मुलांना लाकडी जमिनीतून तालाची कंपनं कळतात, पण बदलाची खूण डोळ्यांना दिसेल अशी हवी. न दिसणाऱ्या मुलांसाठी "असा हात" म्हणून भागत नाही, "उजवा तळवा डाव्या कानापर्यंत" असं बोलावं लागतं, आणि आधी अख्खा हॉल चालून हाताने ओळखू द्यावा लागतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज आणि आरसे त्रास देतात. आवाज कमी करता येतो, आरशावर पडदा टाकता येतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम, असलेल्यांचे स्नायू सैल व्हायला वेळ घेतात, तिथे घाई करू नये. लुकलुकणारे दिवे कुठेच नकोत, फेफरं येणाऱ्या काहींसाठी ते धोक्याचे असतात.

आता तुझ्यासमोरचे रस्ते. मी एकच प्रश्न विचारते आणि तू तो स्वतःला एकटीने विचार: भाऊ नसता, तर तू या मिश्र बॅचला गेली असतीस का?

उत्तर "हो" असेल तर जा. विद्यार्थिनी म्हणून जा, आणि अटी आधी बोलून घे. पहिले दोन महिने तुमची जोडी लावायची नाही. त्याच्या मदतीला तुला बोलवायचं नाही, अगदी तातडीच्या वेळी आई किंवा बाबांना फोन करायचा. आणि तुझे तीन दिवस तुझेच राहतील, तिथे त्याला "आजच्यापुरतं" आणायचं नाही.

उत्तर "नाही" असेल, म्हणजे तू केवळ त्याच्यासाठी गेली असतीस, तर जाऊ नकोस. तुझी जागा दुसऱ्या मुलीला मिळू दे. पण तुझ्या नकाराने त्याचं जाणं थांबता कामा नये. तो आईबाबांनी आणि मॅडमनी मिळून जमवायचा विषय आहे. प्रामाणिकपणे सांगते, मी तुझ्या जागी असते तर आधी त्याला एकट्याला दोन महिने जाऊ दिलं असतं आणि मग ठरवलं असतं. पण तुझ्या पायांना काय हवं आहे ते मला इथून कळत नाही.

फक्त अपंग मुलांचा वेगळा वर्ग हाही एक रस्ता आहे. त्याला कमी लेखू नका. काही मुलांना आपल्यासारख्यांत मोकळं वाटतं, आणि ती निवड त्यांची असू शकते. फक्त इतरांची सोय व्हावी म्हणून त्याला तिकडे पाठवू नका.

राहिलं ते खोटं. लवकर सांग, या आठवड्यात. पत्रात तू आईसाठी एक वाक्य लिहून खोडलं आहेस, ते मला वाचता आलं. त्याच वाक्याने सुरुवात कर. मग असं काहीसं म्हण: "जागा भरल्या हे मी खोटं सांगितलं. त्याने नाचू नये असं मला वाटत नाही. तिथेही त्याला मीच सांभाळायचं आहे असं मला वाटलं आणि मी घाबरले." एवढं पुरे. खूप माफी मागत बसू नकोस, नाहीतर आई तुला समजावत बसेल आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहील. भाऊ समोर असताना हे बोलू नका. तो ऐकतो, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त समजतो. मॅडमकडे मात्र आईला पाठवू नकोस, स्वतः जा. त्या तुझ्या गुरू आहेत, आणि हे बोलणं तुमच्या दोघींमधलं आहे.

आईबाबांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर एक विनंती. "तू आहेस ना" हे वाक्य तुम्ही विश्वासाने म्हणता. ते ऐकणारं मूल मात्र त्याला नाही म्हणू शकत नाही. पुढच्या वेळी त्याचा प्रश्न करा: "तुला जमेल का?" आणि "नाही" हे उत्तर आलं तर चेहरा पडू देऊ नका.

वार्षिक कार्यक्रमाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण तो दिवस येईल. मिश्र बॅचचं नृत्य बसवताना भावाला कुठे उभं करतात ते बघ. मधोमध शोभेसारखं आणि बाकीच्या मुली भोवती गोल, किंवा शेवटच्या रांगेत, हे दोन्ही सारखंच चुकीचं. निवेदकाने "या मुलांनीही" असं म्हणू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात कलम ३० आहे. त्यात म्हटलं आहे की अपंग व्यक्तींना आपली सर्जनशीलता वाढवायची संधी मिळायला हवी, ती त्यांच्या स्वतःच्या भल्यासाठी आणि समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. निवेदनाचा कागद लिहिणाऱ्यांना हे दुसरं कारण आवर्जून वाचायला दे.

पहिल्या दिवशी त्याला सोडायला तू जाऊ नकोस, आई किंवा बाबा जातील. तू बॅचला गेलीस तर तुझ्या मैत्रिणींबरोबर जा, नेहमीसारखी, पाणी पी, केस बांध. तुला बघितल्यावर तो हॉलच्या दुसऱ्या टोकावरून नक्की हाक मारेल, आणि चांगली मोठ्याने मारेल. त्याला हात कर. मग मॅडम गाणं लावतील, तेव्हा तुझ्या जोडीदाराकडे वळ.